हवामानबदलाच्या विज्ञानावरचं पहिलं पुस्तक निवडताना वाचकांची मतं किती धरावीत?

तुम्ही लिहिलंय की विज्ञान दहावीनंतर सुटलं, आणि या विषयाची ओळख करून देणाऱ्या पुस्तकांबद्दल एक वाचक ‘फार किचकट’ म्हणतो, तर दुसरा ‘नुसता प्रचार’. मग ऐकायचं कुणाचं?

मत देणारा माणूस पुस्तकाकडे काय मागायला गेला होता, ते आधी बघा. सोलापुरात आम्ही पाचजणांनी असंच एक छोटं इंग्रजी पुस्तक मिळून वाचलं. सांगोल्याकडे डाळिंबाची बाग असलेले आमचे एक स्नेही सगळ्यात नाराज झाले. “मृग बहार धरायचा का हस्त, हे ह्यात कुठं हाय?” कुठल्या हंगामाचं फळ घ्यायचं, ही त्यांची गरज खरी होती. पण जागतिक हवामानाची बरीच प्रारूपं (संगणकावरची मॉडेलं) पृथ्वीचे साधारण १०० किलोमीटरचे चौकोन पाडून गणित करतात. एका बागेचं उत्तर त्यातून निघत नाही, आणि निघतं असं सांगणारं पुस्तक मी तरी घेणार नाही.

‘किचकट’ म्हणणाऱ्यांचं मत मात्र मी उलटं वाचतो. आम्हालाही जड गेलं ते उष्णतेचं प्रकरण, आणि सगळा जीव त्यातच होता. तापलेली जमीन अवरक्त किरणं, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी उष्णतेची किरणं, वर सोडते. नायट्रोजन आणि ऑक्सिजन ती जाऊ देतात. पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड ती शोषतात आणि त्यातली काही खाली परत पाठवतात. हे झालं नसतं तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंशांच्या आसपास असतं. जानेवारीत, आमच्या सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, आभाळ निरभ्र असलं की पहाटे हुडहुडी भरते, आणि ढग आले की तीच रात्र ऊबदार होते, हे आपण दरवर्षी अनुभवतो. ढगही ती उष्णता अडवतात. अमेरिकेतल्या संशोधक युनिस फूट यांनी १८५६ मध्ये काचेच्या नळ्या उन्हात ठेवून पाहिलं की कार्बन डायऑक्साइड भरलेली नळी जास्त तापते. १८५९ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडॉल यांनी वायू किती उष्णता शोषतात ते मोजलं. म्हणजे हे कालपरवाचं खूळ नाही.

‘प्रचार’ हा आरोप तपासायला एक प्रश्न पुरतो: सूर्यच जास्त तापत असेल तर? तसं असतं तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. मोजमापं सांगतात की खालचा थर तापतोय आणि त्याच्या वरचा थर, म्हणजे स्थितांबर (स्ट्रॅटोस्फिअर), थंड होतंय. स्थितांबराच्या खालच्या भागात ओझोन घटल्याचाही हात आहे, पण वरच्या भागात मुख्य कारण कार्बन डायऑक्साइड. हा पुरावा जे पुस्तक नीट मांडतं, ते मला प्रामाणिक वाटतं. आमच्यातल्या दोघांची तर समजूत होती की ओझोनच्या छिद्रातून ऊन आत येतं म्हणून पृथ्वी तापते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कळून ती गाठ सुटली तेव्हा मला फार आनंद झाला.

‘यंदा तर थंडी जास्त होती’ म्हणून पुस्तकाला नावं ठेवणारं मत सरळ सोडून द्या. मराठीत रोजच्या हवेला आणि तीस वर्षांच्या सरासरीला आपण एकच ‘हवामान’ शब्द वापरतो, त्यामुळे हा घोळ आपल्याकडे जास्त होतो.

आवृत्ती शक्यतो नवी घ्या. हवाईमधल्या मौना लोआ इथे १९५८ मध्ये दर दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग कार्बन डायऑक्साइड मोजला गेला होता, आता तो ४२० च्या वर आहे. जुन्या पुस्तकात ३८० दिसेल. आकडा जुना झाला तरी त्यातलं भौतिकशास्त्र खोटं ठरत नाही. वाचनालयात गेलात तर शेवटच्या सूचीत ‘स्ट्रॅटोस्फिअर’ शोधा आणि ते पान तिथेच वाचून बघा. दोनदा वाचून समजलं, तर तेच पुस्तक घरी आणा.