बेसचे स्वस्त पिकअप : आधी मोजमाप, मग खरेदी

प्रश्न : ऑर्केस्ट्रात जाझ बेस (दोन पिकअपची बेस गिटार) वाजवतो. आवाज पातळ येतो, हमिंगही फार. कमी खर्चात कोणते पिकअप (तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे चुंबकी भाग) बसवावेत?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आधी नव्या तारा चढवा आणि पिकअपची उंची लावा. शेवटचा फ्रेट (मानेवरची धातूची पट्टी) दाबून सगळ्यात जाड ई तार आणि पिकअप यांत सुमारे ३.२ मिमी, सगळ्यात बारीक जी तारेखाली २.४ मिमी अंतर ठेवा. पातळपणा बरेचदा इथेच जातो. तारांना हात लावूनही हमिंग जराही बदलत नसेल, तर ब्रिजखालची (तारा जिथे अडकवतात त्या पट्टीखालची) अर्थची वायर तपासा. ती तुटली असेल तर नव्या पिकअपनेही काही साधणार नाही.

तरीही बदलायचे असतील, तर जुने काढून लांबी मोजा. जाझ बेसचा ब्रिजकडचा पिकअप सहसा नेककडच्यापेक्षा (मानेकडच्यापेक्षा) दोन-तीन मिमी लांब असतो. म्हणून जोडीच घ्या, आणि त्यातल्या एकाचं वाइंडिंग (तारेचे वेढे) व चुंबक दोन्ही दुसऱ्याच्या उलटे आहेत ना, हे विचारून घ्या. तसे असले की दोन्ही व्हॉल्यूम सारखे ठेवल्यावर हमिंग जवळजवळ मरतं. सिरॅमिक चुंबकाचे पिकअप स्वस्त पडतात, आवाज जरा कडक. थोडे पैसे वाढवून आल्निको ५ (मिश्रधातूच्या चुंबकाचे) मिळत असतील तर तेच घ्या.

बसवल्यावर दोन्ही पिकअप एकत्र उघडताच खर्ज गायब झाला, तर फेज चुकला आहे, म्हणजे दोन्हींचे सिग्नल एकमेकांच्या उलट जात आहेत : फक्त एकाच पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल करा.