पोलिसांच्या ताणावर माइंडफुलनेसचा खरंच उपयोग होतो का?

ताई, तुम्ही लिहिलंय की तुमचे मिस्टर रत्नागिरी जिल्ह्यात हवालदार आहेत, नोकरीला 19 वर्षं झाली, झोप लागत नाही, घरी बोलत नाहीत आणि बोलले तर अंगावर येतात. आता खात्यातर्फे आठ आठवड्यांचा माइंडफुलनेसचा, म्हणजे आत्ता अंगात आणि मनात काय चाललंय त्याकडे लक्ष द्यायला शिकवणारा, वर्ग निघालाय आणि ते म्हणतात, 'डोळे मिटून बसायची थेरं मला नकोत.' मी याच किनाऱ्यावर नोकरी करून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो आणि शेवटच्या वर्षांत असा वर्ग पूर्ण केला, म्हणून लिहितो.

उपयोग होतो. पण तो कुठे होतो आणि कुठे होत नाही, हे आधी कळायला हवं. नाहीतर तुमची निराशा होईल आणि ते म्हणतील, 'बघ, मी सांगितलं होतं.'

माझ्या घरी सगळं बुटावरून कळायचं. ड्युटीवरून आलो आणि पायरीवर बूट आदळला, की मुलं वह्या उचलून मागच्या पडवीत जायची. हे बायकोने मला सांगितलं तेव्हा मुलगी बारावीला होती. मी मुलांवर कधी हात उगारला नव्हता, म्हणून स्वतःला चांगला बाप समजत होतो.

नाकाबंदीला गाडी थांबवली की आत कोण आहे, हात कुठे आहेत, हे बघायची शरीराला सवय लागते. ठोके वाढतात, खांदे ताठ होतात. नोकरीत हे लागतंच, त्यावर जीव अवलंबून असतो. पण युनिफॉर्म खुंटीला अडकवला तरी ते अंगातून उतरत नाही. कुकरची शिट्टी झाली तरी मान गर्रकन वळते. मग थोड्या वेळाने सगळं एकदम ओसरतं आणि माणूस भिंतीकडे बघत बसतो. तुम्हाला वाटतं ते तुमच्यावर रुसलेत. तसं नसतं, तेव्हा आत बोलायला काही शिल्लकच नसतं.

त्यात आपल्या किनाऱ्यावरची नोकरी. शिमग्याच्या पालख्या, गणपतीला चाकरमान्यांची गर्दी आणि महामार्ग, मे महिन्यात पर्यटक, पावसाळ्यात बुडालेले. 2016 ला सावित्रीवरचा पूल गेला तेव्हा शोध महाडपासून पार खाडीपर्यंत चालला होता. 2021 च्या जुलैत चिपळूण पाण्याखाली गेलं. अशा वेळी ज्यांची स्वतःची घरं पाण्यात असतात तेही ड्युटीवरच असतात.

एका पावसाळ्यात खाडीच्या कडेला लागलेल्या एका बाईचा पंचनामा मी केला होता. हातात हिरवा चुडा तसाच होता. मी बांगड्या मोजल्या, आकडा लिहिला, सह्या घेतल्या आणि घरी जाऊन जेवलो. पुढे अकरा वर्षं तो आकडा मी कोणाला सांगितला नाही.

आता वर्गाचं. मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर बाई यायच्या. पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या हातावर एकेक आमसूल ठेवलं. ते बघायचं, हुंगायचं, जिभेवर ठेवायचं, लगेच चावायचं नाही. मूळ पद्धतीत मनुका असते, बाईंनी आमसूल आणलं होतं. आम्ही सगळे आधी एकमेकांकडे बघत होतो. पण खरं सांगतो, जिभेच्या कडेला आंबट पाणी सुटलं तेव्हा लक्षात आलं की किती वर्षांत मी एकही घास चवीने खाल्लेला नाही. उभ्याने, फोन कानाला लावून गिळत आलो.

दुसऱ्या आठवड्यात आडवं पडून पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत लक्ष फिरवायचं होतं. पाच मिनिटांत निम्मे घोरायला लागले, रात्रगस्त करून थेट आलेले. आमच्यातल्या एकाने त्यांना हलवायला सुरुवात केली, तेव्हा बाई म्हणाल्या, 'झोपू द्या. यांची पहिली गरज तीच आहे.' त्या वाक्यानंतर मी त्या बाईंवर विश्वास ठेवला.

पण त्याच दिवशी माझं वेगळंच झालं. लक्ष हातापर्यंत आलं आणि डोळ्यांसमोर तो चुडा. छाती भरून आली, उठून बाहेर गेलो. बाई मागून आल्या. म्हणाल्या, डोळे मिटूच नका. श्वासाकडेही सध्या बघू नका. जमिनीकडे बघा, बुटाच्या आत तळवे कुठे टेकतात तेवढंच बघा. आठही आठवडे मी तेवढंच केलं. हे तुमच्या मिस्टरांना मुद्दाम सांगा. ज्याने खूप मृत्यू जवळून पाहिलेत त्याला डोळे मिटणं कधीकधी जड जातं. त्यात त्याचं काही चुकत नाही, आणि उघड्या डोळ्यांनीही हे होतं. शिकवणाऱ्याला एवढं माहीत नसेल तर तो वर्ग आपल्या माणसांसाठी नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

फरक कुठे पडला ते सांगतो. अनंत चतुर्दशीचा बंदोबस्त, सकाळी आठपासून उभा, रात्रीचे साडेअकरा झालेले. दारू प्यायलेल्या एका पोराने माझी कॉलर धरली. पूर्वी माझा हात उठला हे मला उठल्यावर कळायचं. त्या रात्री आधी कळलं. कान तापले, जबडा आवळला, काठीवरची मूठ घट्ट झाली. एका श्वासाएवढा वेळ हातात आला आणि तेवढा पुरला. मनगट धरून पकड सोडवली, त्याला त्याच्या मित्रांच्या ताब्यात दिलं. गुन्हा नाही, व्हिडिओ नाही, दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे खुलासा नाही. माइंडफुलनेस म्हणजे मन शांत होणं असं लोक समजतात. माझं मन त्या रात्री अजिबात शांत नव्हतं, फक्त ते तापलंय हे मला वेळेत दिसलं.

अभ्यासही झालेत. ही आठ आठवड्यांची पद्धत अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात दुखण्याने गांजलेल्या रुग्णांसाठी सुरू केली. पुढे ओरेगन राज्यात ती पोलिसांसाठी बेतली गेली. तिथल्या 61 पोलिसांवरचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. वर्ग संपला तेव्हा झोप, चिडखोरपणा, थकवा, अगदी लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरकसुद्धा सुधारलं होतं. तीन महिन्यांनी पाहिलं तर वर्ग न केलेल्यांत आणि यांच्यात फरक उरला नव्हता. ब्राझीलमध्ये 170 पोलिसांवर झालेल्या अभ्यासात मात्र सहा महिन्यांनंतरही फायदा दिसला. माझा अनुभव ओरेगनसारखाच. वर्ग सुटला आणि गणपतीच्या धामधुमीत महिनाभर काही केलं नाही, तर पायरीवर बूट पुन्हा आदळायला लागला. परेड सोडली की अंग सुटतं, तसंच आहे हे.

आणि हे कुठे पुरत नाही, तेही ऐका. 2019 मध्ये देशभरातल्या पोलिसांची पाहणी करून कॉमन कॉज ही संस्था आणि सीएसडीएस ही संशोधन संस्था यांनी अहवाल काढला, त्यात पोलीस दिवसाला सरासरी 14 तास काम करतात असं निघालं. जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याच वर्षी बर्नआउटचं, म्हणजे कामाने माणूस पार पिचून जाण्याचं, वर्णन कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ न हाताळलेल्या ताणाचा परिणाम असं केलं. म्हणजे दोष माणसात नाही, कामाच्या रचनेत आहे. साप्ताहिक सुट्टी द्यायची नाही आणि वर श्वास मोजायला सांगायचं, याचा मला मनापासून राग येतो. मुंबईत 2016 मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांची पाळी सुरू झाली, ती एका शिपायाने मांडलेल्या आराखड्यावरून. म्हणजे मनावर घेतलं तर होतं. तुमच्या मिस्टरांनी वर्ग जरूर करावा, पण हक्काची रजा आणि सुट्टी मागणं त्यासाठी सोडू नये.

वर्गाला साहेब पहिल्या रांगेत बसणार असतील तर कोणी तोंड उघडणार नाही, हेही आधी विचारून घ्या. आमच्या बाईंनी सुरुवातीलाच सांगितलं होतं की इथलं बोलणं कार्यालयात जाणार नाही, आणि तो शब्द त्यांनी पाळला. आपल्या लोकांना सर्वांत मोठी भीती सर्व्हिस रेकॉर्डची असते.

ते थेरं म्हणत असतील तर एवढं सांगा. 1994 मध्ये किरण बेदी तिहार तुरुंगाच्या प्रमुख असताना तिथे हजारावर कैद्यांनी एकत्र विपश्यना केली. आणि या आठ आठवड्यांच्या पद्धतीत आपल्याकडच्या ध्यानाचंच बरंच काही आहे. पण कोणी लगेच इगतपुरीला दहा दिवसांच्या शिबिराला जा म्हणालं, तर ते नंतर कधीतरी बघा. आत जखम ओली असताना दहा दिवसांचं मौन झेपेलच असं नाही.

रोज दारू होत असेल, 'मी नसलो तर बरं' असं काही तोंडून आलं असेल, किंवा बंदुकीबद्दल चमत्कारिक बोलले असतील, तर वर्गाची वाट बघू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, रात्रीबेरात्रीही चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

एवढं काही नसेल, तर आजपासून त्यांना एकच गोष्ट करून बघायला सांगा, माइंडफुलनेस हा शब्दही न काढता. पायरीवर बसून बुटाच्या नाड्या सावकाश सोडायच्या. आधी एक, मग दुसरी. बोटांना नाडी लागते ती बघायची, श्वास आत जितका घेतला त्यापेक्षा थोडा लांब सोडायचा. तीन मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात तुम्ही आणि मुलांनी त्यांना हाक मारू नका, आणि 'आज काय झालं' हे जेवण होईपर्यंत विचारू नका.

माझ्या बायकोने कधीच विचारलं नाही. वर्ग संपल्यावर चार महिन्यांनी एका रात्री ओटीवर बसलो असताना मीच तिला बांगड्यांचा आकडा सांगितला. नऊ.