नळी नको म्हटलं, तर आईला उपाशी मारल्यासारखं होईल का?

वृद्ध रुग्णांच्या मुलांकडून हा प्रश्न सतत येतो. आईने किंवा वडिलांनी खाणं सोडलेलं असतं, डॉक्टर अन्न देण्यासाठी नळी घालण्याबद्दल विचारत असतात आणि ‘नको’ म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही. सोलापुरातल्या एका रुग्णालयात भेटलेल्या कुटुंबाचा अनुभव त्यासाठीच सांगते. ओळख पटू नये म्हणून घरचे तपशील बदलले आहेत.

आजींचं वय 84. सातेक वर्षांचा डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश. आधी माणसं ओळखणं गेलं, मग चालणं, मग बोलणं. न्यूमोनिया झाला म्हणून दाखल केलं होतं. तो आटोक्यात आला, पण अन्न सुटलं ते सुटलंच. घास तसाच गालात राहायचा. नाकातून घातलेली नळी त्यांनी दोनदा ओढून काढली, म्हणून तिसऱ्यांदा घातल्यावर दोन्ही हात बँडेजने कॉटच्या दांडीला बांधले होते. मनगटांवर लाल वळ होते. बांधलेल्या हातांची बोटं मात्र चादरीच्या कडेशी एकसारखी हलत होती. लेक म्हणाली, “विड्या वळतीय ओ मॅडम. चाळीस वर्षं तेच केलं तिनं.”

मोठा मुलगा यंत्रमागावर कामाला. तो कॉटपासून लांबच उभा होता. “मी नको म्हटलं, तर आईला माझ्या हातानं उपाशी मारल्यागत हुईल की,” एवढंच बोलला. धाकटा पुण्याहून फोनवर सांगत होता, पैशाकडे बघू नका, लागली तर पोटातून नळी टाका. लांब राहणाऱ्या मुलाचा असा आग्रह बहुतेक घरांत दिसतो, आणि त्यामागे प्रेमच असतं.

मी डॉक्टरांना सगळ्यांसमोर बसायची विनंती केली. त्यांनी जे सांगितलं ते प्रत्येक घराला कळायला हवं. डिमेन्शियाच्या शेवटच्या टप्प्यात गिळण्यावरचा मेंदूचा ताबाच जातो. आजी खात नाहीत म्हणून चालल्या आहेत असं नाही. शरीर आवरत आलं आहे म्हणून खाणं थांबलंय. अशा वेळी नळीने आयुष्य वाढतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. न्यूमोनियाही टळत नाही, कारण तोंडातली लाळ आणि पोटातून वर येणारं अन्न श्वासनलिकेत जातंच. पडून राहून पाठीला होणाऱ्या जखमाही कमी होत नाहीत. पोटातून घातलेल्या नळीलाही हे सगळं लागू आहे. वृद्धांवर उपचार करणाऱ्या अमेरिकन डॉक्टरांच्या संघटनेने 2014 मध्ये स्पष्ट म्हटलंय की, अशा रुग्णांना नळी घालण्यापेक्षा हाताने, जपून भरवावं.

सुनेने शेजारच्या कॉटकडे बोट दाखवलं. “मग त्या काकांना का घातलीय?” प्रश्न रास्त होता. त्या काकांना अर्धांगवायूचा झटका येऊन थोडेच दिवस झाले होते. झटक्यानंतर बऱ्याच जणांचं गिळणं काही आठवड्यांत सुधारतं, तोवर नळीने पोषण देणं हा योग्य उपचार आहे. घशाच्या कॅन्सरला रेडिएशन चालू असतानाही तसंच. म्हणून मी कुणालाही सरसकट ‘नळी घाला’ किंवा ‘घालू नका’ असं सांगत नाही. ही नळी कशासाठी, किती दिवसांसाठी, आणि सुधारणा दिसली नाही तर पुढे काय, हे डॉक्टरांना आधीच विचारून घ्या, एवढं सांगते.

मग मी घरच्यांना विचारलं, आज आजींना बोलता आलं असतं तर त्या काय म्हणाल्या असत्या? मुलाला काय हवं, हा प्रश्न बाजूला ठेवायचा होता. नळी ओढून काढली म्हणजे त्यांचा नकारच, असं मी धरलं नाही. भ्रमातला माणूस कसलीही नळी ओढतो. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग सून म्हणाली, “गुडघ्याच्या ऑपरेशनला नेलं, तर दारातनं माघारी फिरल्या. मला दवाखान्यात नाही मरायचं, माझ्या घरात मरू द्या म्हणल्या.” मोठा मुलगा तिथेच खाली बसला आणि रडला.

रुग्णालयाने रीतसर दोन्ही वैद्यकीय मंडळांची (एक उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं, दुसरं वेगळ्या डॉक्टरांचं) मतं घेतली, घरच्यांची लेखी संमती घेतली. असे उपचार थांबवण्याचा हा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्य केला आणि 2023 मध्ये तो सोपा केला. हात सोडले, नळी काढली, आजी घरी गेल्या.

घरी सोडताना लेकीला भरवायला शिकवलं. पाठीला उशा लावून नीट बसवायचं, हनुवटी किंचित खाली. पातळ पाण्यापेक्षा दाटसर पेज बरी. चहाचा छोटा चमचा, तोही अर्धाच. गिळल्याची खात्री झाल्याशिवाय दुसरा नाही. ठसका लागला की थांबायचं. तोंड मिटलं तर आग्रह करायचा नाही. हे सगळ्यात अवघड, कारण ‘एक घास अजून’ म्हणत तर आपण वाढलो. या टप्प्यावर भूक फारशी जाणवत नाही, त्रास होतो तो कोरड्या तोंडाचा. म्हणून ओल्या कापसाने जीभ आणि हिरड्या वरचेवर पुसायच्या, ओठांना तूप लावायचं.

धाकटा पुण्याहून आला तो कपाळाला आठ्या घालूनच. बहिणीने काही न बोलता वाटी त्याच्या हातात दिली. त्या दुपारी आजींनी त्याच्या हातून दोन चमचे पेज घेतली. गल्लीत लोक बोलायचे ते बोललेच. सलाईनसुद्धा लावलं नाही म्हणून एका चुलत्याने सुनावलं. त्यांना मोठ्या मुलानेच समजावलं, की आता जास्तीचं पाणी छातीत कफ वाढवतं, अंगावर सूज आणतं. महिनाभराने आजींनी घरातच प्राण सोडला.

नंतर मोठा मुलगा मला भेटायला आला. आपल्या पोरांवर ही वेळ येऊ नये म्हणून काय करायचं, हे त्याला विचारायचं होतं. शुद्धीत असताना आपली इच्छा कागदावर लिहावी, आपल्या वतीने कोण बोलेल त्याचं नाव द्यावं, दोन साक्षीदारांसमोर सही करावी आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करून घ्यावं, असं मी सांगितलं. नळीबद्दल वेगळं वाक्य लिहा, म्हटलं. त्याने खिशातून पेन काढून विचारलं, “मराठीत लिहिलं तर चालतंय ना?” चालतं.