वहीत बाबा नव्हते

"मी हरलेला ख्रिस्ती आहे," खुर्चीत बसता बसताच ते म्हणाले. पन्नाशीकडे झुकलेले गृहस्थ, बरीच वर्षं संडे स्कूलमध्ये शिकवणारे, पहाटेची प्रार्थना सहसा न चुकवणारे. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) प्रार्थना करतो, उपास करतो, बायबलचं वचन वाचतो, तरी त्याच पापात पुन्हा पडतो, मग पापावर मात करणारं विजयी जीवन म्हणतात ते कुठे आहे, ही तक्रार मी अनेक विश्वासणाऱ्यांकडून ऐकली आहे.

त्यांचं पाप म्हणजे राग, आणि तो म्हाताऱ्या वडिलांवर. चार महिने ते रोज रात्री वही लिहीत होते: आज किती वेळा ओरडलो, कोणतं वचन ऐन वेळी आठवलं नाही, उद्या काय करायचं. वही त्यांनी माझ्यापुढे ठेवली.

मी आधी झोप, भूक, जगणं नकोसं वाटतं का, हे विचारून घेतलं. हरल्याची भाषा कधी कधी नैराश्याची असते, आणि तिथे डॉक्टर हवा असतो. नुसतं 'विश्वास ठेवा' म्हणणं तिथे निर्दयपणाचं ठरतं. इथे तसं काही नव्हतं.

मग वही वाचली. लिहिणं प्रामाणिक होतं, पण वाचताना मला एक गोष्ट टोचत राहिली.

"राग नेमका कशाने येतो?"

"रोज रात्री दहा-बारा वेळा विचारतात, दाराला कडी लावलीस का."

"का विचारत असतील?"

"वय झालंय."

"त्यांना रात्री झोप लागते?"

बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "ठाऊक नाही." चार महिन्यांच्या त्या वहीत वडील पानोपानी होते, पण फक्त मोहाचं निमित्त म्हणून. माणूस म्हणून ते एकाही पानावर नव्हते.

आम्ही बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 14वा अध्याय उघडला. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा शिरच्छेद झाल्याची बातमी ऐकून येशू एकांतात निघाला होता. लोक पायी मागे आले. त्यांना पाहून त्याला कळवळा आला आणि त्याने त्यांच्यातल्या आजाऱ्यांना बरं केलं. इथल्या मूळ ग्रीक शब्दाचा संबंध आतड्यांशी आहे. आपल्याकडे आतडं पिळवटतं म्हणतात, अगदी तेच. एकांतही त्याने सोडला नाही. लोकांना जेवू घालून, निरोप देऊन मग तो प्रार्थनेला डोंगरावर गेला. म्हणून प्रार्थना कमी करा असं मी कुणालाच सांगत नाही.

बायबलमधल्याच, पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्राच्या 12व्या अध्यायातलं 'बऱ्याने वाइटाला जिंक' हे वचन त्यांना तोंडपाठ होतं. त्याच्या आधीच्या ओळीत काय आहे, हे मात्र त्यांनी पुन्हा वाचून पाहिलं: भुकेल्या शत्रूला खायला दे, तान्हेल्याला प्यायला दे. पौल जिंकण्याची गोष्ट करतो ती दुसऱ्याच्या भुकेजवळ उभा राहून. विजय आपल्या आतच तपासत बसल्याने मिळेल, ही समजूत आपण कुठून उचलली कोण जाणे; मी स्वतः कित्येक वर्षं तिच्यात अडकून होतो.

मी त्यांना दोनच कामं दिली. तीन आठवडे पहाटे स्वतःच्या रागासाठी नाही, बाबांसाठी प्रार्थना करायची. रात्री कडीचा प्रश्न आला की काही न शिकवता पाच मिनिटं शेजारी बसायचं. शिवाय तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो म्हणून स्मरणशक्तीची तपासणी करून घ्या, असंही सांगितलं.

(एक सांगून ठेवतो. समोरचा मारहाण करत असेल, तर हा सल्ला नाही. कळवळा म्हणजे मार खात राहणं नव्हे. आधी सुरक्षित जागी जा.)

तीन आठवड्यांनी ते आले. दुसऱ्या की तिसऱ्या रात्री वडील आपणहून बोलले होते. लग्न झाल्यापासून ते रोज हाच प्रश्न बायकोला विचारत आणि ती "लावली, झोपा आता" म्हणे. ती गेल्यापासून तसं कुणी म्हणत नाही. हे सांगताना त्यांचा गळा भरून आला. "आईला जाऊन दोन वर्षं झाली," ते म्हणाले, "आणि मी मोजत होतो माझं ओरडणं."

आता रात्री दोघं हात धरून कडी बघायला जातात. पाचव्या-सहाव्या वेळेला आवाज अजून चढतो, गेल्या रविवारी चांगलाच चढला. पण माघारी जाऊन त्यांनी बाबांची क्षमा मागितली आणि "लावली, झोपा आता" म्हणाले. तपासणीची वेळ पुढच्या आठवड्यातली आहे.