एकच लाइनमन एका यादीत पहिल्या फेरीत आणि दुसरीत तिसऱ्या फेरीत, असं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टच्या (टीम्स कॉलेजचे खेळाडू फेरीफेरीनं निवडतात त्याच्या) आधी तुम्ही चार-पाच याद्या वाचल्या. एका सेंटरला (लाइनच्या मधोमध उभं राहून बॉल मागे देणाऱ्याला) कुणी पहिल्या फेरीत ठेवलंय, कुणी थेट तिसऱ्या. वजन २९५ पाउंड, हात आखूड, पाय मात्र चपळ. तुमची टीम रन प्ले (बॉल घेऊन पळायचे डाव) बहुतेक आउटसाइड झोनचे करते. मग हा पोरगा घ्यावा का, आणि ऑफेन्सिव्ह लाइनचे, म्हणजे बॉल असलेल्या टीमच्या पुढच्या पाच जणांच्या फळीचे, खेळाडू जोखायचे तरी कसे?

दोन्ही याद्या बरोबर असू शकतात. यादी करणाऱ्याच्या डोक्यात कुठली टीम आहे त्यावर ते ठरतं. क्वार्टरबॅक (पास फेकणारा) किंवा रिसीव्हर (तो झेलणारा) चांगला की वाईट हे बऱ्याच अंशी त्याच्या एकट्यावर बघता येतं. लाइनमनचं तसं नाही. त्याला कोणतं काम देणार हे ठरल्याशिवाय तो चांगला की वाईट या प्रश्नाला अर्थच नाही. म्हणून सुरुवात खेळाडूपासून करू नका, कामापासून करा.

गॅप स्कीममध्ये, म्हणजे पॉवर, काउंटर, ट्रॅप वगैरे प्लेमध्ये, प्रत्येकाला ठरलेला माणूस आणि ठरलेली दिशा असते. बॉल जिथून जायचा त्या बाजूचे लाइनमन समोरच्यांना आतल्या अंगाला रेटतात, दोघं मिळून एकाला मागे ढकलतात, आणि पलीकडचा गार्ड (सेंटरच्या शेजारचा लाइनमन) मागून वळसा घालून येऊन मोकळ्या राहिलेल्या गड्याला बाहेर फेकतो. १९८०च्या दशकात जो गिब्ज यांच्या वॉशिंग्टनच्या लाइनला ‘हॉग्ज’ म्हणायचे. काउंटर ट्रे हा त्यांचा हुकमी प्ले. इथे वजन लागतं, कमरेत ताकद लागते, समोरच्याला जागेवरून हलवता आलं पाहिजे.

झोनमध्ये माणूस नाही, जागा वाटलेली असते; आउटसाइड झोन हा त्यातलाच, कडेच्या दिशेनं जाणारा प्रकार. पाचही जण एकाच वेळी एकाच दिशेला सरकतात, वाटेत जो येईल तो आपला. समोरच्याला उखडून मागे न्यायची गरज नसते. त्याच्या बाहेरच्या खांद्याच्या पलीकडे आपलं डोकं पोचवायचं आणि त्याला आडवा पळायला लावायचं. तो पळता पळता फट पडते आणि रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) एकदाच पाय रोवून त्या फटीत घुसतो. डेन्व्हर ब्रॉन्कोसमध्ये माइक शॅनहन आणि लाइनचे कोच ॲलेक्स गिब्ज यांनी हेच केलं, तेही लीगमधल्या सर्वांत हलक्या लाइन्सपैकी एक घेऊन. त्यांचा सेंटर टॉम नेलन १९९४च्या ड्राफ्टमध्ये सातव्या फेरीतला, आणि त्या लाइनच्या मागून पळणारा टेरेल डेव्हिस १९९५च्या सहाव्या फेरीतला. १९९८मध्ये डेव्हिसनं २,००८ यार्ड काढले. इतर टीम्सना जे खेळाडू हलके म्हणून नको होते, ते डेन्व्हरला नेमके हवे होते.

आता बघायचं काय, ते सांगतो. मी दुसरं पाऊल बघतो.

हे मी इथे अमेरिकेत नाही शिकलो. लहानपणी सांगली जिल्ह्यात आमच्या गावच्या तालमीत जायचो. खडाखडी सुरू असताना आमचे वस्ताद गड्यांच्या हाताकडे बघायचेच नाहीत, त्यांची नजर पायावर. समोरच्याचा पाय मातीवरून उचलला गेला की त्याच क्षणी पट काढायचा, कारण तेव्हा तो एका पायावर असतो. लाइनमनचंही हेच आहे. आउटसाइड झोनमध्ये पहिलं पाऊल आखूड आणि बाजूला पडतं, ते बहुतेकांना जमतं. प्रश्न दुसऱ्या पावलाचा. समोरच्याशी धडक होते तेव्हा दुसरा पाय जमिनीत रोवलेला आहे की हवेत? रोवलेला असेल तर हलका लाइनमनही तीस-चाळीस पाउंडांनी जड गड्याला वळवतो. हवेत असेल तर ३३० पाउंडांचा लाइनमनसुद्धा मागे फेकला जातो, आणि टीव्हीवर लोक म्हणतात की ताकद कमी पडली.

माझा मुलगा इथल्या हायस्कूलच्या टीममध्ये गार्ड खेळतो. त्यांच्या मैदानाच्या कोपऱ्यात लोखंडी नळ्यांचा एक बुटका मांडव आहे, त्याला चूट म्हणतात. उंची एवढीच की पोरानं सरळ उभं राहायचा प्रयत्न केला तर हेल्मेट नळीवर आपटतं. त्याच्या आत वाकून बसायचं आणि शिट्टी झाली की वाकलेल्याच अवस्थेत दोन पावलं टाकत समोरच्या गादीवर जायचं. एका संध्याकाळी मी तासभर तिथे उभा होतो. कोच प्रत्येक पोराला तिसऱ्या पावलाआधीच थांबवत होते. सगळं शिकवणं त्या दोन पावलांचंच होतं. एक पोरगा त्यांच्यातला सर्वांत दणकट, पण दर वेळी दुसऱ्या पावलाला त्याची कंबर वर यायची आणि हेल्मेट ठण्णकन वाजायचं. त्याच्यापेक्षा बराच बारका एक पोरगा शेवटपर्यंत एकदाही नळीला लागला नाही. पुढच्या सामन्यात कोण जास्त ढकलला गेला हे तुम्ही ओळखलं असेलच.

म्हणून सामन्याचं चित्रण बघताना बॉल बघायचा मोह आवरा. एकच लाइनमन धरा, स्नॅप होताच (सेंटरनं बॉल मागे देताच) थांबवा आणि मग फ्रेम-फ्रेमनं पुढे न्या. कॉलेजच्या सामन्यांत गोलपोस्टच्या मागून घेतलेला कोन प्रत्येक प्लेला मिळत नाही, पण टीव्हीवर रिप्लेमध्ये तो बऱ्याचदा दाखवतात. ते तुकडे सोनं समजा. बाजूच्या कॅमेऱ्यात सगळे एकमेकांवर चढलेले दिसतात. मागच्या कोनात पाय, कंबर आणि डोकं वेगवेगळं दिसतं.

झोनच्या टीमसाठी दुसरी गोष्ट म्हणजे डबल टीमवरून सुटणं. दोघं मिळून समोरच्या बचावफळीतल्या जाडजूड टॅकलला धरतात, आणि त्यातला एक योग्य क्षणी सुटून लाइनबॅकरवर (त्या फळीच्या मागे उभ्या असलेल्या गड्यावर) जातो. एक हात टॅकलवर, डोळे लाइनबॅकरवर. लवकर सुटला तर टॅकल आत घुसतो, उशिरा सुटला तर लाइनबॅकर रनिंग बॅकला गाठतो. हे कुठल्याही मोजमापात येत नाही आणि माझ्या मते सेंटरची खरी किंमत इथेच ठरते.

मोजमापांकडे येऊ. दर वर्षी इंडियानापोलिसला कम्बाइन, म्हणजे ड्राफ्टआधीची खेळाडूंची चाचणी, होतं, तिथे ४० यार्ड पळवतात, २२५ पाउंड किती वेळा उचलतो ते मोजतात, हाताची लांबी घेतात. हे आकडे निरुपयोगी नाहीत, फक्त प्रत्येक आकडा वेगळ्या कामाचा आहे. लाइनमन सामन्यात ४० यार्ड क्वचितच पळतो, म्हणून त्यातले पहिले १० यार्ड आणि वळून परत येण्याची शटल मी बघतो. झोनसाठी हेच दोन.

मी २००९ पासून फिलाडेल्फियाजवळ राहतो, त्यामुळे याचं सर्वांत ठळक उदाहरण डोळ्यांसमोर घडलं. २०११मध्ये ईगल्सनी सहाव्या फेरीत, १९१व्या क्रमांकावर, जेसन केल्सी घेतला. वजन साधारण २८० पाउंड. सिनसिनाटी विद्यापीठात तो शिष्यवृत्तीशिवाय रनिंग बॅक म्हणून गेला होता, नंतर लाइनवर आला. ४० यार्ड ४.८९ सेकंदांत. पण सेंटरसाठी वजन फारच कमी, असं बहुतेक टीम्सना वाटलं. ईगल्सकडे त्याच वर्षी हॉवर्ड मड लाइनचे कोच म्हणून आले होते, आणि त्यांना असेच हलके, पळणारे लाइनमन आवडायचे. केल्सी १३ मोसम खेळला, सहा वेळा ऑल-प्रोच्या (मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या) पहिल्या संघात आला. मड यांच्याऐवजी दोन माणसांना जागेवर रेटायला सांगणारा कोच असता, तर तो किती टिकला असता याचा मी अनेकदा विचार करतो.

उलट टोकाला ऑर्लँडो ब्राउन ज्युनियर. २०१८च्या कम्बाइनमध्ये ४० यार्डांना ५.८५ सेकंद, बेंच प्रेस फक्त १४ वेळा. पहिल्या फेरीत जाईल असं बोललं जाणारा हा टॅकल (ऑफेन्सिव्ह लाइनच्या टोकाचा खेळाडू) तिसऱ्या फेरीत ८३व्या क्रमांकावर बाल्टिमोर रेव्हन्सना मिळाला. तिथे त्याला कुणी आडवं पळायला लावलं नाही. ६ फूट ८ इंचांचं ते धूड समोरच्याला भिडून त्याला व्यापून टाकत होतं. २०१९मध्ये रेव्हन्सनी रनवर ३,२९६ यार्ड काढले, तो एका मोसमातला विक्रम ठरला, आणि उजवा टॅकल ब्राउन होता. आउटसाइड झोनच्या टीमनं त्याला टाळलं असतं, तर तेही बरोबरच ठरलं असतं.

हाताच्या लांबीचा बाऊ बाहेरच्या टॅकलसाठी करतात, कारण कडेनं येणाऱ्याला लांबूनच थोपवायचं असतं. साधारण ३४ इंच मागतात. पण क्लीव्हलँडचा डावा टॅकल जो थॉमस याचे हात साडेबत्तीस इंचांचे होते आणि तो सलग १०,३६३ स्नॅप खेळला. सेंटरला तर दोन्ही बाजूंना गार्ड असतात, त्याच्यासाठी हा मुद्दा आणखी मागे पडतो. २०२२मध्ये रेव्हन्सनी पहिल्या फेरीत २५व्या क्रमांकावर टायलर लिंडरबॉम घेतला, तोही आखूड हातांचा आणि तीनशे पाउंडांच्या आतला. आयोवा विद्यापीठ वर्षानुवर्षं आउटसाइड झोन खेळतं, त्यामुळे त्याचं काम चित्रणात सरळ दिसत होतं, अंदाज करायची गरज नव्हती. मला त्याच्याबद्दल विशेष आपुलकी वाटायचं कारण वेगळं आहे. शाळेत असताना त्यानं कुस्तीत ट्रिस्टन वर्फ्सला हरवलं होतं. हा वर्फ्स त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा, पुढे टँपा बेचा टॅकल झाला. त्या लढतीत दोघांचे पाय बघा, मग सेंटर म्हणून लिंडरबॉम का चालला ते वेगळं समजवावं लागत नाही.

कॉलेजची पद्धत जरूर तपासा. तुमचा सेंटर आयोवासारख्या ठिकाणी खेळला असेल तर चित्रणावर विश्वास ठेवा. स्प्रेड (खेळाडू मैदानभर पसरवून खेळायच्या) पद्धतीत बॉल दोन सेकंदांत सुटतो, लाइनमन उभ्यानंच सुरुवात करतात. तिथे चांगला दिसलेला पोरगा हात टेकून बसायलाही नव्यानं शिकतो, त्याला वर्षभर धरा.

तर तुमच्या टीमसाठी मी पहिल्या यादीच्या बाजूचा, पण एका अटीवर. एनएफएलमध्ये निम्म्याहून जास्त प्ले पासचे असतात आणि तिथे झोन-गॅप असा भेद नसतो, समोरचा ३४० पाउंडांचा नोज टॅकल (बचावफळीच्या मधोमधचा गडी) सरळ छातीवर येतो. त्याच्या कॉलेजच्या सामन्यांतून असे जड गडी समोर असलेले दोन सामने निवडा आणि फक्त पासचे प्ले बघा. तो एक-दोन पावलं मागे जाईल, ते चालतं. त्यानंतर कंबर खाली घेऊन थांबतो का बघा. थांबत असेल तर पहिल्या फेरीच्या शेवटी बिनधास्त घ्या. क्वार्टरबॅकच्या मांडीपर्यंत जाऊन पोचत असेल, तर शेजारचे दोन्ही गार्ड चांगले वजनदार असल्याशिवाय दुसऱ्या फेरीच्या आधी त्याला हात लावू नका.