गिटचा लॉग असताना चेंजलॉग वेगळा कशासाठी?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. इमॅक्स या टेक्स्ट एडिटरमधून बाहेर न पडता गिटची, म्हणजे फाइलींमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रणालीची, रोजची कामे होतात का, ही पहिली. आणि गिट प्रत्येक बदल टिपून ठेवतच असेल, तर चेंजलॉग नावाची, बदलांच्या नोंदींची आणखी एक फाइल हाताने लिहीत बसावे कशाला, ही दुसरी. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय, उत्तम होतात’ असे आहे. दुसऱ्या प्रश्नाबाबत मात्र मी स्वतः कित्येक वर्षे आपल्यासारखाच विचार करत होतो, आणि तो मला महागात पडला.

इमॅक्समध्ये गिटसारख्या प्रणाली चालवणारी व्हीसी (व्हर्जन कंट्रोल) नावाची सोय मुळातच असते, वेगळे काही बसवावे लागत नाही. गिट २००५ साली आले. व्हीसी त्याच्याही आधीची, आरसीएस आणि सीव्हीएस या जुन्या प्रणालींच्या काळातली आहे, त्यामुळे खाली कोणतीही प्रणाली असली तरी कळा त्याच राहतात. कंट्रोल-एक्स दाबून व्ही, व्ही असे दोनदा दाबले की पुढचे रास्त पाऊल कोणते ते एडिटर स्वतःच ठरवतो: फाइल नोंदलेली नसेल तर ती नोंदवतो, बदललेली असेल तर कमिटचा, म्हणजे बदल इतिहासात पक्का नोंदवण्याचा, संदेश लिहिण्यासाठी खिडकी उघडतो, आणि लिहून झाल्यावर कंट्रोल-सी दोनदा दाबले की कमिट होते. दुसऱ्या व्हीच्या जागी बरोबरचे चिन्ह दाबले तर फरक दिसतो, एल दाबल्यास इतिहास, जी दाबल्यास कोणती ओळ कोणी व केव्हा लिहिली ते, आणि टिल्ड (~) दाबल्यास जुनी आवृत्ती शेजारच्या खिडकीत उघडते. यू मात्र जपून दाबावे, कारण कमिट न केलेले सगळे बदल त्याने पुसले जातात. एडिटर आधी विचारतो खरा, पण सवयीने ‘हो’ म्हणणारे हात मी पाहिले आहेत, त्यांत माझेही आहेत. आणखी एक गोष्ट नवख्यांना घाबरवते: फाइल गिटमध्ये गेली की इमॅक्स तिच्या टिल्डवाल्या बॅकअप प्रती करणे आपणहून थांबवतो. ते बिघडल्याचे लक्षण नव्हे.

कमिट आपल्याच लॅपटॉपवर होत असल्याने त्याला नेटवर्क लागत नाही. बोरिवलीहून चर्चगेटला जाताना बसायला जागा मिळाली तर मी सकाळची दोन-तीन कमिट गाडीतच उरकतो आणि कार्यालयात पोहोचल्यावर एकदाच पुश करतो, म्हणजे ती सर्व्हरवर पाठवतो.

आता चेंजलॉगकडे येतो. मी मशीद बंदरातील काही घाऊक व्यापाऱ्यांसाठी बिले छापणारा एक लहान प्रोग्राम सांभाळतो. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि मुंबईतली जकात बंद झाली, तेव्हा मी बिलाच्या साच्यातून जकातीची ओळ काढून टाकली आणि त्याच कमिटमध्ये आणखी तीन-चार बदल करून संदेशात ‘दुरुस्ती’ एवढा एकच शब्द लिहिला. दोनेक वर्षांनी एका पेढीच्या मुनीमजींना करनिर्धारणासाठी २०१६ मधली बिले पुन्हा छापून हवी होती. ती छापली तेव्हा जकातीची ओळ गायब आणि बेरीज मात्र जकात धरून. मी व्ही-जी दाबून पाहिले, पण त्या यादीत फाइलमध्ये आज असलेल्या ओळींचाच हिशेब मिळतो. जी ओळ काढून टाकली तिचा माग तिथे लागत नाही, हे मला त्या दिवशी कळले. मग इतिहास उपसत बसलो, तर त्यात ‘दुरुस्ती’, ‘किरकोळ बदल’, ‘पुन्हा दुरुस्ती’ यांची रांगच लागलेली. (हटवलेला मजकूर शोधण्यासाठी गिटच्या लॉगला उणे-कॅपिटल-एस (-S) हा पर्याय देता येतो, तो मी नंतर शिकलो.) शेवटी ते कमिट सापडले, पण त्याने मला एवढेच सांगितले की ओळ गेली. जुन्या तारखांच्या बिलांवरूनही ती जावी असे मी ठरवले होते, की तो निव्वळ विसर होता, हे कोठेच लिहिलेले नव्हते.

मुनीमजींच्या भाषेत सांगायचे तर गिटचा लॉग ही कीर्द आहे आणि चेंजलॉग ही खतावणी. कीर्दीत व्यवहार घडले त्या क्रमाने उतरतात. खतावणीत तेच व्यवहार खात्यांनुसार लावले जातात, आणि एखाद्या खात्याची स्थिती पाहायला कोणी कीर्द पहिल्या पानापासून चाळत नाही. म्हणूनच कमिटचे संदेश जसेच्या तसे चेंजलॉगमध्ये उतरवणे ही मेहनत फुकट जाते. इमॅक्स ज्याचा भाग आहे त्या ग्नू प्रकल्पाच्या जुन्या पद्धतीत प्रत्येक फंक्शनमधला प्रत्येक बदल चेंजलॉगमध्ये लिहीत. पण खुद्द इमॅक्सच्या विकासकांनी २०१४ च्या अखेरीस गिट स्वीकारल्यानंतर, २०१५ मध्ये तो हाताने लिहिणे सोडले आणि कमिटच्या संदेशांतूनच तो तयार करून घ्यायला सुरुवात केली. त्या तपशिलाच्या चेंजलॉगपुरते आपले म्हणणे योग्यच आहे. माझ्या मते हाताने लिहावा तो वापरणाऱ्याच्या दृष्टीने: बिलावर काय वेगळे दिसेल, कोणत्या तारखेपासून, आणि का.

तो लिहिण्यासाठीही एडिटर सोडावा लागत नाही. कंट्रोल-एक्स, ४, ए दाबले की चेंजलॉग शेजारी उघडतो आणि आजची तारीख, आपले नाव, फाइलचे नाव, कर्सर ज्या फंक्शनमध्ये असेल त्याचे नाव, एवढे आपोआप भरले जाते. आपण फक्त वाक्य लिहायचे. मी ते बदल करत असतानाच लिहितो, कमिटच्या वेळी नाही, कारण तोपर्यंत कारण निम्मे विसरलेले असते. नंतर कमिटच्या खिडकीत कंट्रोल-सी, कंट्रोल-ए दाबल्यास चेंजलॉगमधली संबंधित नोंद तिथे आयती येते. एकाच फाइलवर दोघे काम करत असाल तर दोघांच्याही नोंदी सर्वांत वरच्याच ओळीवर येत असल्याने मर्ज करताना, म्हणजे दोघांचे बदल एकत्र करताना, चेंजलॉगमध्ये वारंवार टक्कर होते. बहुतेक वेळा दोन्ही नोंदी ठेवणे हाच तिचा निकाल असतो.

व्हीएस कोड हा दुसरा एडिटर वापरत असाल तर डावीकडच्या सोर्स कंट्रोल पॅनेलमधून हेच होते, फक्त चेंजलॉगची नोंद सुरू करून देणारी कळ मुळात नसते.

मराठी मजकुरासाठी एक विशेष सूचना. ‘व्यापाऱ्याची प्रत’ यातला ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो: एकदा नुक्तेवाल्या ‘ऱ’पासून, आणि एकदा साध्या ‘र’ला हलन्त व अदृश्य जोडणी-चिन्ह देऊन. ‘ॲ’चेही तसेच आहे, तो एकसंध अक्षर म्हणून येतो किंवा ‘अ’वर चंद्र देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, गिटला मात्र ओळ बदललेली दिसते, आणि दोघांचे कीबोर्ड वेगळे असले की काहीही न बदलता फरकांची रास लागते. अशा अक्षरावर कर्सर ठेवून कंट्रोल-यू, कंट्रोल-एक्स, बरोबर असे दाबल्यास ते कशाचे बनले आहे ते कळते. दोघांनी एकच रूप ठरवून घ्यावे आणि तो निर्णय चेंजलॉगमध्ये लिहून ठेवावा. फाइलींची नावे देवनागरीत असतील तर गिटमधला कोअर-कोटपाथ (core.quotepath) हा पर्याय बंद करावा. एरवी टर्मिनलमध्ये नावाच्या जागी तिरप्या रेघा आणि आकड्यांची साखळी छापली जाते.