बॉम्बच्या धातूचे चमचे विक्रीस ठेवण्यापूर्वी

लाओसच्या शिएंगख्वांग प्रांतातील नापिया गावात घडणारे चमचे आणि हातातील कडी विक्रीस ठेवण्याचा तुमचा विचार चांगला आहे. मात्र मागणी नोंदवण्यापूर्वी धातू कोठून येतो, हे अवश्य विचारावे. अमेरिकेने १९६४ ते १९७३ या काळात लाओसवर २० लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले आणि क्लस्टर बॉम्बमधील सुमारे २७ कोटी लहान बॉम्बांपैकी जवळजवळ ३० टक्के न फुटताच जमिनीत राहिले. भंगाराला भाव मिळतो म्हणून मुलेसुद्धा ते उकरायला जातात, त्यामुळे प्रशिक्षित पथकाने तपासून निर्धोक ठरवलेलाच धातू वापरणाऱ्या कारागिराकडून, दोन पैसे जास्त देऊन, माल घ्यावा.

कारागीर अ‍ॅल्युमिनियम मातीच्या भट्टीत वितळवून लाकूड व राखेच्या साच्यात पळीने ओततात. साचा उघडल्यावर दोन भागांच्या सांध्यावर धातूची पातळ कड उरते. ती कानशीने नीट घासली आहे की नाही, हे अंगठा फिरवून पाहावे. अगदी गुळगुळीत, एकसारखा माल मात्र हाताने घडवलेला नसावा, अशी मला तरी शंका येते.

भंगारातील मिश्रधातूत शिसे असू शकते, म्हणून चमचा शोभेची वस्तू म्हणूनच विकावा. आमटीत किंवा चिंचेच्या सारात तो मुळीच घालू नये, असे ग्राहकाला लेखी कळवावे. ‘रिकामी’ म्हणून दाखवलेली अखंड बॉम्बची खोळ मात्र कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. विमानतळावरील अडचण तर पुढचीच गोष्ट.